राष्ट्रीय दिनाचे नभोनाट्य आणि श्रोत्याचा वाटा

मराठी नाटकाच्या इतिहासग्रंथांत नभोनाट्याला मिळालेली जागा थोडी आहे. त्या थोड्या जागेतही पंधरा ऑगस्ट किंवा सव्वीस जानेवारीच्या निमित्ताने लिहिल्या गेलेल्या श्रुतिकांचा उल्लेख जवळजवळ आढळत नाही. याची कारणे उघड आहेत. हे लेखन मागणीबरहुकूम होई, ठरलेल्या तारखेसाठी होई आणि ती तारीख उलटली की त्याचे काम संपे. ते रंगमंचावर येत नसे, त्याचे पुस्तक क्वचितच निघे, आणि समीक्षक ज्याला ‘संहिता’ म्हणतो ती वस्तू पुष्कळदा एखाद्या कार्यालयाच्या फायलीत पडून राही. ‘प्रासंगिक’ हा शब्द आपण समीक्षेत जरा नाक मुरडूनच वापरतो, आणि राष्ट्रीय दिनाची श्रुतिका तर नावानेच प्रासंगिक.

तरीही हा प्रकार दुर्लक्षिण्यासारखा नाही. स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशके बहुसंख्य मराठी घरांत ‘राष्ट्र’ ही कल्पना वाचून नव्हे, ऐकून पोहोचली. ज्या घरात नाटकाचे तिकीट काढण्याची ऐपत नव्हती आणि वर्तमानपत्रही शेजारून येई, त्या घरात शेजाऱ्याच्या रेडिओचा आवाज विनासायास येत असे. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: देशभक्तीचे नाटक केवळ आवाजातून उभे राहते तेव्हा त्याला नाट्य कशाने येते? आणि ते निर्जीव होते, तर कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर लेखकाच्या प्रतिभेइतकेच श्रोत्याच्या वाट्यात शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. श्रोत्याला भरण्यासाठी जागा आणि पत्करण्यासाठी काही जोखीम असेल, तोवर हे नाटक जिवंत असते.

न बोललेले वाक्य

या विचाराचा पहिला दाखला रंगभूमीवरचा आहे. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. त्यात इंग्रज सरकारचे नाव नाही, बंगालच्या फाळणीचा उल्लेख नाही. आहे ती विराटनगरीतली महाभारतकथा. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे परवशतेतली भारतभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे समीकरण प्रेक्षागृहातल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागले नाही. नाटकाने निम्मे वाक्य उच्चारायचे आणि उरलेले निम्मे प्रेक्षकाने मनात पुरे करायचे, असा तो अलिखित करार होता. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारच्या हाती अधिकार आलेले होतेच; १९१० साली नाटकावर बंदी आली.

या नाटकाचे रूपक इंग्रजी वाचकांपुढे सविस्तर उलगडून मांडले ते व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकाराने, १९१० च्या आपल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या ग्रंथात. म्हणजे मराठी प्रेक्षकाने मनात पुरे केलेले वाक्य कागदावर ठळकपणे नोंदवणाऱ्यांत त्या प्रेक्षकाचा राजकीय विरोधक पुढे होता. विरोधकाने केलेल्या नोंदीतून आपला सांस्कृतिक इतिहास हाती येणे, ही गोष्ट पुढे नभोवाणीच्या बाबतीतही घडलेली दिसेल.

आवाजाचे नाटक

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. ती खासगी कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि ८ जून १९३६ पासून या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. जन्मापासूनच नभोवाणी परक्या सरकारच्या नजरेखाली, आणि लौकरच त्याच्या मालकीखाली वाढली, हे लक्षात ठेवायला हवे. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनी मुंबई केंद्रावर ‘वंदे मातरम्’ गायला सुरुवात करताच त्यांचे प्रक्षेपण तोडले गेले आणि त्यांनी नभोवाणीवर बहिष्कार घातला, ही हकीकत संगीताच्या क्षेत्रात सांगितली जाते. जिथे गीताची ही कथा, तिथे देशभक्तीच्या नाटकाला कितीसा वाव असणार?

पण नभोवाणीने नाटकाला एक वेगळी देणगी दिली. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज संपली. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर करून रंगभूमीवर घरगुती, स्वाभाविक संवादाची वाट मोकळी केली होती. मायक्रोफोनने ती वाट अपरिहार्यच केली. कुजबुज, दीर्घ श्वास, वाक्यामधला थांबा यांना अर्थ आला. नट मायक्रोफोनजवळ आला की पात्र श्रोत्याच्या कानाशी बोले. दोन पावले मागे सरला की तेच पात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाई. नेपथ्य म्हणजे दाराची कडी, पावलांचा आवाज, दूरची आगगाडी. पत्रा हलवला की मेघगर्जना होई, नारळाच्या करवंट्या आपटल्या की घोडा धावू लागे. जुन्या सूत्रधाराची जागा निवेदकाने घेतली, आणि अंक-प्रवेशांच्या जागी आवाज हळूहळू विरण्याची व नवा आवाज उगवण्याची सोय आली.

या माध्यमात श्रोत्याचा वाटा मुळातच मोठा आहे. पात्राचा चेहरा, त्याचे घर, तुरुंगाची भिंत हे सारे ज्याचे त्याने रचायचे असते. म्हणून नभोनाट्य हे दृश्याला मुकलेले नाटक आहे असे मानणे बरोबर नाही; दृश्य रचण्याचे काम त्यात श्रोत्याकडे सोपवलेले असते. कीचकवधाच्या प्रेक्षकाने अर्थ पुरवला, नभोनाट्याचा श्रोता चित्र पुरवतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या असत्या तर काय घडले असते? पारतंत्र्यात सरकारी केंद्रावर ते शक्य नव्हते. ते घडले मुंबईतच, पण सरकारी केंद्राबाहेर.

बेचाळीसची अज्ञात जागा

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून नेते तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध होते. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त नभोवाणी केंद्र उभारले. २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ ऐकू येऊ लागला. आपण हिंदुस्थानातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून बोलत आहोत, अशी त्याची उद्घोषणा असे. पोलिसांना चकवण्यासाठी केंद्राची जागा वारंवार बदलली जाई. सुरुवातीला ‘हिंदुस्ताँ हमारा’ आणि शेवटी ‘वंदे मातरम्’. मध्ये बातम्या आणि भाषणे. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते त्यावरून बोलत. चितगावची बाँबफेक, जमशेदपूरचा संप, विदर्भातल्या आष्टी आणि चिमूर येथील अत्याचार या बातम्या सरकारी नभोवाणी दडपत असताना या केंद्राने लोकांपर्यंत पोहोचवल्या.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी महालक्ष्मी मंदिराजवळच्या ‘पॅरडाइज’ बंगल्यातल्या केंद्रावर छापा पडला. पुढे खटला चालला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहतांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष अशा शिक्षा झाल्या. विठ्ठलभाई झवेरी आणि ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवानी यांची सुटका झाली.

हे केंद्र चालले सुमारे अडीच महिने, आणि त्यावर रूढ अर्थाने नाटक नव्हते. तरीही नाट्यविचाराच्या दृष्टीने पाहिले तर नाटकाची सारी सामग्री तिथे हजर आहे. बोलणाऱ्याचे नाव गुप्त, जागा गुप्त, कोणत्या क्षणी आवाज तुटेल याचा नेम नाही. ऐकणाराही त्या नाटकात पात्र होता, कारण असे केंद्र लावणे म्हणजे संशय ओढवून घेणे होते, आणि ऐकलेली बातमी शेजाऱ्याला सांगणे म्हणजे चळवळीत पाऊल टाकणे होते. जे कधीच कोणी ‘नभोनाट्य’ म्हणून लिहिले नाही, त्यात श्रोत्याचा वाटा सर्वांत मोठा होता.

आणि इथे चिरोलच्या ग्रंथाची पुन्हा आठवण होते. काँग्रेस रेडिओवरून काय बोलले गेले याचे तपशील आज आपल्याला उपलब्ध आहेत, ते मुख्यत्वे पोलिसांनी ही प्रक्षेपणे ऐकून उतरवून ठेवली म्हणून. उषा ठक्कर यांनी २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्या नोंदींचा उपयोग करून हा इतिहास मांडला. २०२४ साली ‘ऐ वतन मेरे वतन’ हा हिंदी चित्रपटही याच विषयावर आला.

अशीच दुसरी घटना गोमंतकाची. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध गुप्त नभोवाणी चालवली, प्रथम आंबोलीच्या परिसरातून आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून, कोकणी व पोर्तुगीज या दोन भाषांत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा या दोघांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून ती वार्ता खालच्या लोकांना सांगितली. एखाद्या नभोनाट्याला याहून समर्पक शेवट कोणता लेखक सुचवू शकला असता?

सरकारी सणाचा आवाज

१५ ऑगस्ट १९४७ नंतर परिस्थिती मुळापासून बदलली. जे गीत गाताना प्रक्षेपण तुटत होते, ते आता सन्मानाने वाजू लागले. फाळणीनंतर भारताकडे दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ अशी सहाच केंद्रे होती. त्यांचा आवाज देशाच्या सुमारे अडीच टक्के भूभागापर्यंत आणि अकरा टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचत होता. पुढच्या दशकांत हे जाळे वेगाने वाढले. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे डॉ. बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ. चित्रपटगीतांबद्दलच्या त्यांच्या कडकपणाची चर्चा अजून होते. पण शास्त्रीय संगीताला आणि नाटकाला राष्ट्रीय पातळीवर स्थान देण्याचे प्रयत्नही याच काळातले आहेत. १९५६ मध्ये सुरू झालेल्या नाटकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात एका भाषेतले नाटक अनुवादित होऊन निरनिराळ्या केंद्रांवरून त्या त्या भाषेत सादर होई.

मराठी लेखकांनी या माध्यमाकडे पाठ फिरवली असे मुळीच नाही. मामा वरेरकरांनी नभोवाणीसाठी लिहिले. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर, मंगेश पाडगावकर आकाशवाणीत नोकरीला होते. विजय तेंडुलकरांनी श्रुतिका लिहिल्या. रत्नाकर मतकरींची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका १९५५ साली मुंबई केंद्रावरून प्रक्षेपित झाली तेव्हा ते विशीतही पोहोचले नव्हते. मराठी एकांकिकेची जडणघडण नभोवाणीला वगळून सांगताच येणार नाही.

मग राष्ट्रीय दिनाच्या श्रुतिकेची अडचण काय होती? माझ्या मते ती नाट्यशास्त्रीय होती. नाटकाला विरोध लागतो. पारतंत्र्यात विरोधी पक्ष समोर होता, आणि त्याचे नाव घेता येत नव्हते म्हणून नाट्य दुप्पट होत होते. आता इंग्रज गेलेला आणि त्याचे नाव घ्यायला पूर्ण मोकळीक. हुतात्मा फासावर जातो, आई अश्रू आवरते, निवेदक भारावलेल्या स्वरात समारोप करतो, शेवटी समूहगान. यात कोणतेही विधान खोटे नसते; हुतात्म्याचे मोल तर कमी नसतेच. पण श्रोत्याला आधीच मान्य असलेली गोष्ट त्याला पुन्हा सांगितली जाते. त्याने पुरे करावे असे अर्धे वाक्य कुठेही ठेवलेले नसते. असा श्रोता नाटकाच्या शेवटी उठून उभा राहील, पण रात्री त्याला झोप न येण्याचे काही कारण उरत नाही.

याला संस्थात्मक बाजूही आहे. केंद्र सरकारचे, दिवस सरकारी समारंभाचा, आणि लेखकाला ठाऊक असलेल्या मर्यादा. १९६७ नंतर या मर्यादा आचारसंहितेच्या रूपाने लेखी झाल्या: मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्म-जातींवर हल्ला नको, राजकीय पक्षावर नाव घेऊन आघात नको, केंद्र वा राज्यसरकारवर वैरभावाने टीका नको. यातली बरीच कलमे सार्वजनिक माध्यमाला आवश्यकही आहेत. पण ‘स्वातंत्र्य’ या विषयावर नाटक लिहिणाऱ्याला वर्तमानकाळाचे दार त्यामुळे जवळजवळ बंद होई, आणि तो भूतकाळात आश्रय घेई. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची वार्ता देशाला याच नभोवाणीवरून कळली. त्या वर्षी डिसेंबरमध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले, तेव्हा एका साध्या प्रार्थनेला जे नाट्य आले ते कोणत्याही समारंभी श्रुतिकेला येणे शक्य नव्हते. श्रोत्यांपैकी प्रत्येकाला उभे राहायचे की नाही हे त्या क्षणी ठरवावे लागले.

पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी

तथापि सरकारी नभोवाणीत राष्ट्र केवळ समारंभातूनच बोलत होते, असे म्हटले तर अन्याय होईल. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कार्यक्रमातले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही पात्रे एका पिढीच्या घरातली माणसे होऊन गेली. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी हे त्या आवाजांचे धनी. इथे हुतात्मा नव्हता आणि समूहगानही नव्हते. महिनाअखेरची ओढाताण, पाहुणे, शेजार, महागाई यांवर एका मध्यमवर्गीय घरात होणारा वाद होता, आणि त्यात ऐकणाऱ्याला आपल्या घरचे उत्तर मनात जुळवता येई.

स्वतंत्र देशाचा नागरिक असणे म्हणजे रोजच्या व्यवहारात काय, हा प्रश्न खरे तर याच प्रकारच्या संवादाचा आहे. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एका वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. या आवाहनावर भाषण ऐकणे निराळे, आणि ‘आपल्या घरात हे जमेल का, लहान मुलांचे काय, ज्याला दोन वेळ मिळतच नाही त्याने काय सोडायचे’ असा वाद स्वयंपाकघरातून ऐकू येणे निराळे. दुसऱ्या प्रकारात श्रोत्याला जागा आहे. देशभक्तीचे नभोनाट्य वीररसातच असावे हा आग्रह सोडला, तर त्याचे खरे घर या प्रपंचात सापडते.

अर्थात या घराच्याही भिंती होत्या. ते घर पांढरपेशे होते आणि त्याची भाषा प्रमाण मराठी होती. ‘कामगारसभा’ आणि ग्रामीण श्रोत्यांसाठीचे कार्यक्रम वेगळ्या वेळी, वेगळ्या नावाखाली होत. म्हणजे राष्ट्र एक, पण त्याच्या वेळापत्रकातले रकाने निरनिराळे.

चिरागनगरचा गण

या भिंतींबाहेर काय चालले होते हे पाहण्यासाठी मुंबईच्या उपनगरातच जावे लागते. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठे यांनी आयुष्याची अनेक वर्षे काढली. अखेरच्या दिवसांत ते गोरेगावला राहायला गेले आणि १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारले. १६ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी भुकेल्या जनतेचे हे स्वातंत्र्य खरे आहे काय असा सवाल करीत मोर्चा काढला, असे त्यांच्या चरित्रकथनांत सांगितले जाते.

एवढ्यावरून अण्णाभाऊंना देशभक्तीचे वावडे होते असा निष्कर्ष काढणारा त्यांची लोकनाट्ये वाचलेला नसणार. तमाशाच्या गणात परंपरेने गणपतीचे स्तवन येते. अण्णाभाऊंनी तिथे मायभूमीला, शिवरायांना आणि हुतात्म्यांना वंदन आणले. वंदन झाल्यावर मात्र नाटक सावकाराकडे, कारखान्याकडे, झोपडीकडे वळते. सरकारी श्रुतिका जिथे संपते, त्या वंदनापाशी हे लोकनाट्य सुरू होते. आणि समोर बसलेला कामगार हसून, ओरडून, प्रश्न टाकून त्यात भाग घेतो.

ही दोन नाटके एकाच शहरात, एकाच वर्षांत चालू होती. आणि अभ्यासक्रमात आपण एकीला ‘माध्यमांसाठी लेखन’ या प्रकरणात आणि दुसरीला ‘लोकसाहित्य’ या प्रकरणात घालतो. दोहोंचा विषय स्वातंत्र्य हाच आहे, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येऊ द्यायचे असेल तर त्यांना शेजारी शेजारी ठेवून वाचायला हवे.

सरकारने मागवलेले, नागरिकाने बोललेले

सरकारी निमित्ताने लिहिलेले नभोनाट्य निष्प्राणच असणार, असाही नियम नाही. अमेरिकेतील उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. तेथील नागरी हक्कांच्या सनदेला दीडशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा सरकारी सूचनेवरून नॉर्मन कॉर्विन यांनी ‘वुइ होल्ड धीज ट्रूथ्स’ हे नभोनाट्य लिहिले. १५ डिसेंबर १९४१ रोजी, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर आठच दिवसांनी, चारही जाळ्यांवरून ते एकाच वेळी प्रक्षेपित झाले. सुमारे सहा कोटी लोकांनी ते ऐकल्याचा अंदाज आहे. जेम्स स्टुअर्ट, ऑर्सन वेल्स यांच्यासारखे नट त्यात होते आणि अखेरीस अध्यक्ष रूझवेल्ट स्वतः बोलले.

युद्ध नुकतेच सुरू झालेले, सरकार पाठीशी, वातावरण भारलेले. अशा वेळी कॉर्विन यांनी निवडलेला विषय लढाईचा नव्हता. राज्यघटना तयार झाली, पण तीत नागरिकांच्या हक्कांची हमी कुठे आहे, असे विचारणारे सामान्य लोक त्यांनी मध्यभागी आणले. आपल्याच सरकारकडून लेखी हमी मागून घेणारा संशयी नागरिक हा त्या देशभक्तीच्या नाटकाचा नायक आहे. नाटकाला लागणारा विरोध त्यांना बाहेरच्या शत्रूत शोधावा लागला नाही. राज्य आणि नागरिक यांच्या नात्यातच तो त्यांना सापडला.

आपल्याकडे तर याहून समृद्ध सामग्री पडून आहे. ९ डिसेंबर १९४६ ते २६ नोव्हेंबर १९४९ या काळातले संविधान सभेचे कामकाज म्हणजे शब्दशः नोंदलेले संवाद आहेत. सत्तांतराच्या मध्यरात्री देशातील स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण करणाऱ्या हंसा मेहता तिथे आहेत. राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता अशा विसंगत आयुष्यात आपण प्रवेश करीत आहोत, असे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावणारे डॉ. आंबेडकर तिथे आहेत. त्याच आंबेडकरांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाकडून घेतली, असे सांगितले होते. श्याम बेनेगल यांनी २०१४ साली या वादविवादांवर ‘संविधान’ ही दहा भागांची दूरचित्रवाणी मालिका केली. पण मूळ सामग्री पाहता ती कानांसाठीच घडलेली आहे. एका दालनात बसून माणसे बोलत आहेत आणि त्यांच्या बोलण्यावर कोट्यवधींचे भवितव्य ठरते आहे. नभोनाट्याला आणखी काय हवे? आणि इथे श्रोत्याचा वाटा आपोआप येतो, कारण त्या चर्चेतले अनेक प्रश्न अजून त्याच्याच घरात अनुत्तरित आहेत.

जपणुकीचा प्रश्न

शेवटी पुन्हा नोंदीकडे यावे लागते. सुरुवातीच्या काळात श्रुतिका थेट प्रक्षेपित होत, त्यामुळे उच्चारलेला शब्द हवेतच विरे. ध्वनिफीत आली तेव्हा ती महाग होती. कार्यक्रम झाला की पुसून पुन्हा वापरण्याची रीत पडली. आकाशवाणीचे मध्यवर्ती ध्वनिसंग्रहालय १९५४ पासून आहे आणि त्याने थोरांची भाषणे व संगीत यांचा मोलाचा ठेवा राखला आहे. परंतु अर्ध्या तासाची, एका दिवसापुरती लिहिलेली मराठी श्रुतिका या ठेव्याच्या यादीत वर यावी अशी अपेक्षा कोण करणार? परिणाम असा की परक्या सरकारच्या पोलिसांनी उतरवून घेतलेले बंडखोरांचे शब्द आपल्याला वाचता येतात, आणि स्वतंत्र देशाने स्वतःच्या सणासाठी मागवून घेतलेले शब्द सहजी हाती लागत नाहीत. धास्तावलेल्या सत्तेने प्रत्येक अक्षर टिपले. निर्धास्त सत्तेने फीत पुसली. याहून बोलके भाष्य त्या दोन काळांवर करता येईल असे वाटत नाही.

या बाबतीत महाविद्यालयांतील मराठी विभागांना काही करण्यासारखे आहे, विशेषतः उपनगरांतल्या. मालाडच्या मालवणी परिसरात आकाशवाणीचे प्रक्षेपण केंद्र आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेल्या विविध भारतीचे बिऱ्हाड बोरिवलीत गोराई रस्त्यावर आहे आणि ‘हवामहल’मधल्या हिंदी नाटिकांनी श्रुतिकेची परंपरा तेथून चालवली आहे. आकाशवाणीवर ज्यांनी लिहिले, आवाज दिले, निवेदन केले, ध्वनिसंकेत वाजवले, अशा कलावंतांपैकी पुष्कळांची घरे अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात आहेत. त्यांच्या माळ्यावरच्या टंकलिखित संहिता, कराराची पत्रे, घरगुती टेपरेकॉर्डरवर उतरवलेले तुकडे ही आपली साधने आहेत. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याला एखाद्या संहितेची प्रत मिळवणे, तिची तारीख व नटसंच नोंदवणे आणि ती वर्गात डोळे मिटून ऐकवणे, एवढे काम दिले तरी एका सत्रात इतिहासाची बरीच पाने भरतील. ही संहिता रद्दीत जाण्याचा वेग आपल्या अभ्यासमंडळांच्या वेगापेक्षा नक्कीच जास्त आहे.

हे गोळा करताना सगळेच उत्तम निघेल असा भ्रम नको. बरेचसे समारंभी असेल, काही भाबडे असेल. पण त्यातली एखादी श्रुतिका अशीही निघेल, की जिच्या लेखकाने साऱ्या मर्यादा पाळूनही एक वाक्य अर्धे सोडले आहे. ते वाक्य ओळखण्याची नजर, किंबहुना कान, आपल्या विद्यार्थ्यांना देता आला तर साहित्याच्या अध्यापनाने स्वातंत्र्यदिनासाठी आपले काम केले असे म्हणता येईल. वर्षातून दोनदा आपण उभे राहून राष्ट्रगीत म्हणतो. त्याआधी अर्धा तास खाली बसून काय ऐकायचे आणि ऐकताना कोणता प्रश्न मनात ठेवायचा, हे शिकवणे मराठीच्या वर्गाचे काम आहे.